मागच्या दाराबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पल्ला खालून चार इंच कापून टाकू," आणि मी गप्प बसले. चूक माझीच. शहाबादीवर 4 इंच कोबा ओतायला मीच सांगितलं, दाराचा विचार केलाच नाही. आता रागावू नका, पण सुताराला आणि गवंड्याला इसार देऊन झालाय. कोब्यावर 10 दिवस पाणी मारून झालं की ते येतील.

बाबा, कापणं सोपं आहे, पण पल्ल्याची खालची आडवी पट्टी निम्मी जाते, सांधे उघडे पडतात आणि पल्ला लोंबायला लागतो. तुम्हाला वाकून जावं लागेल ते वेगळंच. शिवाय चौकटीचे पाय कोब्यात गाडलेले राहिले तर सागवानसुद्धा ओल धरतं, मग वाळवी.

म्हणून चौकटच साडेचार इंच वर घ्यायची. दारावरचा झरोका दहा इंचांचा आहे, त्यामुळे लिंटेलला, म्हणजे वरच्या तुळईला, हात लावावा लागणार नाही. पल्ला उतरवायचा, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) मोकळे करायचे, पाय कोब्याच्या पातळीला कापायचे. खाली मसाल्यासकट सव्वा इंच ग्रॅनाइटचा उंबरठा, त्यावर पायांखाली सव्वातीन इंची दगडी ठोकळे. लाकूड ओल्याला टेकतच नाही. उंबरठ्याला बाहेर किंचित उतार, इंचभर पुढे आलेली कड आणि तिच्या खालून खाच हवी, नाहीतर पावसाचं पाणी कडेखालून भिंतीकडे परततं. पक्कं करण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, ते तुमच्यासमोर मोजायला लावा.

आई, जुना उंबरठा टाकणार नाही गं. मधला झिजलेला तुकडा जपून ठेवायला सांगितलाय, त्याचा पाट होईल. नव्याची कड गोल आहे, हळदकुंकू तसंच वाहा.

आता थंडीचं. निफाडचा डिसेंबर आणि बाबांचा खोकला, दोन्ही ठाऊक आहेत. चौकट आणि भिंतीमधल्या फटीत पीयू फोम, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस. भरण्यापूर्वी चौकटीत दोन आडव्या फळ्या ठोकायच्या. फोम फुगताना चौकट आत दाबली गेली की दार घासतं. वर प्लास्टर, कारण उन्हाने फोम भुगा होतो. पल्ल्याला आतून 20 मिमी थर्माकोलचा दाट बोर्ड आणि 6 मिमी प्लाय; बिजागरीकडे इंचभर जागा मोकळी. वजन वाढतंय म्हणून चौथी बिजागरी, कडीचे स्क्रू लांब. तिन्ही बाजूंना रबरी पट्टी, खालच्या पाव इंच फटीला ब्रशची पट्टी. आई, तू गोणपाट गुंडाळून लावायचीस आणि मी त्यावरच बसून अभ्यास करायचे, ते आता लागणार नाही.

मात्र दार असं घट्ट झाल्यावर कोळशाची शेगडी घरात आणायची नाही. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो. उरलेला झरोका बुजवायचा नाही, गवंडी कितीही आग्रह करू दे.

बाहेरची उतरण आता सव्वाबारा इंच होते, म्हणून सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या आणि उजवीकडे कठडा. बाबा, कठडा धरायचा. गरज नसली तरी.

काम एका दिवसात होईल असं गवंडी म्हणतो, मी दोन धरलेत. मधल्या रात्री मागे पत्रा लावून आतून आडणा घाला. गवंड्यांना चहा द्या, पण आई, जेवण करत बसू नकोस.

तुमची,
छकू