दिवाळी अंकांनी वर्गणीदारांची वही पुन्हा उघडावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणपती आटोपले की दिवाळी अंकांच्या घोषणांनी फेसबुक आणि इन्स्टाग्राम भरून जाते. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, लेखकांची छायाचित्रे आणि खाली 'अंकासाठी व्हॉट्सॲप करा' असा एक क्रमांक. बऱ्याच मराठी नियतकालिकांचे डिजिटल धोरण एवढ्यावरच थांबलेले असते. पोस्टला पसंती भरपूर मिळते, अंक त्या मानाने खपत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. हे असे का होते आणि त्यावर काय करता येते, याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

१९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून पुढे कित्येक दशके मासिकाच्या मालकाजवळ एक वही असे: वर्गणीदाराचे नाव, पत्ता, वर्गणी कधी संपते. छापखाना बदलला, कागद महागला, तरी त्या वहीवर मासिक पुन्हा उभे राहू शकत असे. फेसबुक पानाचे पन्नास हजार अनुयायी ही अशी वही नव्हे. त्यांतल्या एकाचाही पत्ता मालकाकडे नसतो आणि कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे फेसबुक ठरवते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आप्त-मित्रांच्या पोस्टना अग्रक्रम दिला आणि प्रकाशकांची पाने मागे पडली. लेख फेसबुकमध्येच उघडून दाखवणारे, २०१५ मध्ये गाजावाजा करून आणलेले 'इन्स्टंट आर्टिकल्स' एप्रिल २०२३ मध्ये बंद झाले. त्यावर बेतलेली सगळी जुळणी वाया गेली. कॅनडात नव्या कायद्याच्या वादातून ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्यांचे दुवेच दिसेनासे झाले. गूगलने ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वरच्या बाजूला यंत्राने लिहिलेला सारांश द्यायला सुरुवात केली, म्हणजे दुव्यावर टिचकी मारायचे कारणच कमी झाले. समाजमाध्यमे सोडा असे आमचे म्हणणे नाही. तिथे भेटलेला वाचक आपल्या वहीत उतरला पाहिजे, एवढेच.

त्याआधी मजकूर नीट हवा, आणि मराठीचे घोडे इथेच अडते. लेखक आता युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, लिहून पाठवतात. तो मजकूर मांडणीसाठी जुन्या, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या, फॉन्टमध्ये बदलला जातो, मुद्रितशोधन त्या मांडणीतच होते आणि अंतिम शुद्ध प्रत फक्त जुन्या फॉन्टमध्ये उरते. वेबसाइटवर चढवायची वेळ आली की कोणीतरी लेखकाची मूळ, न सुधारलेली फाइल उचलतो, किंवा मांडणीतला मजकूर परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या साधनातून) काढतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास चुका ठरलेल्या ठिकाणी होतात: रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, जोडाक्षरावरची पहिली वेलांटी घसरते, 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. काही चुका तर डोळ्याला दिसतही नाहीत. 'दुःख' या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप झालेला असला, तर योग्य विसर्ग देऊन शोधणाऱ्याला तो लेख सापडेलच असे नाही. 'ॲ' हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, पण तेच 'अ'वर चंद्र देऊनही उमटते. 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून प्रत्येक लेख चढवण्यापूर्वी 'शोधा आणि बदला'ची एक ठरलेली यादी चालवावी आणि एकच रूप सगळीकडे ठेवावे. एका लेखाला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्याहून चांगला उपाय म्हणजे मांडणीच युनिकोडमध्ये करणे. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर (ओळी बसवण्याची पद्धत) निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात. तेवढे पाहून 'युनिकोडला मांडणी जमत नाही' असा शेरा मारला जातो, तो चुकीचा आहे.

जुन्या फॉन्टमधली पीडीएफ ही डिजिटल आवृत्ती मानू नये. तिच्यातला परिच्छेद निवडून दुसरीकडे चिकटवला तर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. गूगललाही तोच दिसतो. शिवाय दोन स्तंभांचे मोठे पान सहा इंची पडद्यावर वाचायचे म्हणजे प्रत्येक ओळीला बोटाने मागे-पुढे सरकवणे आले. वाचक चौथ्या पानावर सोडून देतो आणि फाइल मात्र टेलिग्रामच्या गटांत फिरत राहते. अक्षर लहान-मोठे केले की ओळी नव्याने बसतात अशी ईपब आवृत्ती काढावी. लेख स्वच्छ युनिकोडमध्ये असतील तर तिला वेगळा खर्च फारसा नसतो.

आता वही. व्हॉट्सॲपवर सगळी मदार ठेवणाऱ्यांनी त्याच्या मर्यादा पाहाव्यात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्याने आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोचतो. गटात १०२४ सदस्य बसतात, पण प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या 'चॅनल'ला संख्येची अडचण नाही, मात्र अनुयायांचे क्रमांक चालकाला मिळत नाहीत; म्हणजे पुन्हा फेसबुकसारखेच. व्यावसायिक सेवेत प्रत्येक प्रचारसंदेशाला पैसे पडतात आणि मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एसएमएस करायचा तर रोमन लिपीत १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि तिथे काना-मात्राही मोजली जाते. मराठी संदेश पटकन दोन-तीन संदेशांच्या दराचा होतो.

म्हणून ईमेल. ते जुने वाटते, पण यादी आपल्या ताब्यात राहते आणि उद्या सेवा बदलली तरी उचलून नेता येते. त्यालाही नियम आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलवर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर आपलेच आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी आपल्या डोमेनवर कराव्या लागतात, एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते आणि 'स्पॅम' म्हणून तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. आकडा गाठला नसला तरी या नोंदी करून ठेवाव्यात. आणखी एक अडचण मराठीतच जास्त येते. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचे पत्र कापते. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-वेलांटीसकट, ३. काही प्रणाल्या तर चिन्हाचा आकडी संकेत करतात, मग एकेकाला ७ बाइट. दोन मोठे लेख एका पत्रात घातले की तळाचा 'वर्गणी भरा' हा दुवाच कापला जातो. पूर्ण लेख पत्रात घालू नये; दोन परिच्छेद आणि दुवा द्यावा, आणि वर्गणीचा दुवा वरच्या बाजूला घ्यावा.

दुव्याला उगमाची, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणारी, खूण जोडावी. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक संकेतस्थळाच्या बहुतेक मोजणीत 'थेट आलेला' म्हणून दिसतो, आणि मग फेसबुकवरच्या जाहिरातीचा खर्च नाहक वाढवला जातो. दुव्यासोबत दिसणारे चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे आणि ३०० केबीच्या आत असावे. भारी चित्र व्हॉट्सॲपवर पुष्कळदा उमटतच नाही आणि नुसत्या निळ्या ओळीवर कोणी टिचकी मारत नाही. क्रमांक आणि ईमेल घेताना ते कशासाठी हवेत हे सांगून संमती घ्यावी; २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते आवश्यक ठरते, आणि वाचकाचा मान राखायचा तर तसेही करावेच.

पैसे घेण्याची पद्धतही बदलायला हवी. क्यूआर कोड द्यायचा आणि 'स्क्रीनशॉट पाठवा' म्हणायचे, हे पन्नास प्रतींपर्यंत ठीक. वसुबारसेच्या आसपास रोज दोनशे स्क्रीनशॉट येऊ लागले की घोळ सुरू होतो: पैसे मुलाच्या खात्यातून, अंक वडिलांच्या नावे, पिनकोड नाही. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल आणि ईमेल भरल्याशिवाय पैसे भरण्याचे पान उघडूच नये, अशी मांडणी ठेवली की हीच नोंद थेट वहीत जाते. परदेशातल्या मराठी वाचकांसाठी पेमेंट सेवेकडून आंतरराष्ट्रीय कार्डांची परवानगी वेगळी मागून घ्यावी लागते. ती दिवाळीच्या तोंडावर मिळत नाही, दोन महिने आधी अर्ज करावा.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेवर डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके आहेत. तिथे भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर पुस्तक 'सिलेक्ट' योजनेत द्यावे लागते, आणि त्या ९० दिवसांच्या काळात तेच ई-पुस्तक आपल्या संकेतस्थळावरही विकता येत नाही. योजनेबाहेर ३५ टक्के. शिवाय ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या वजनाप्रमाणे पाठवणीचा खर्च कापला जातो. चित्रांनी भरलेल्या अंकाला तो जड जातो. पहिले तीन महिने स्वतःच्या वर्गणीदारांना विकावे, नंतर किंडलचा विचार करावा.

शेवटी एक मागणी, आणि ती राज्याच्या अर्थमंत्र्यांनी जीएसटी परिषदेत मांडावी. छापील पुस्तकावर आणि छापील नियतकालिकावर कर शून्य आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर जुलै २०१८ पासून ५ टक्के. पण त्या सवलतीच्या व्याख्येत फक्त 'पुस्तक' आहे, नियतकालिक नाही. त्यामुळे तोच दिवाळी अंक कागदावर करमुक्त आणि पडद्यावर १८ टक्के, आणि केवळ डिजिटल निघणाऱ्या पुस्तकालाही १८ टक्केच. तीनशे रुपयांच्या अंकामागे चौपन्न रुपये. कागद, टपाल आणि रद्दी वाचवून जो मजकूर वाचकापर्यंत पोचतो, त्याच्यावरच हा बोजा का? ई-पुस्तकाच्या व्याख्येत नियतकालिकांची डिजिटल आवृत्ती आणि मूळ डिजिटल पुस्तक, दोन्ही घ्यावीत आणि दर छापील प्रतीइतकाच ठेवावा.

आपले,
मराठी नियतकालिकांच्या डिजिटल आवृत्त्यांचे काम पाहणारे काही जण, पुणे