डुलकी चालकाची, पण वेळापत्रक कोणाचे?

मा. संपादक,

पहाटे महामार्गावर बस किंवा ट्रक उलटला की बातमीत ‘चालकाला डुलकी लागली’ एवढे वाक्य येते, गुन्हा चालकावर दाखल होतो आणि विषय मिटतो. तो आदल्या दिवशी कधी उठला, किती तास गाडीवर होता, हे क्वचितच विचारले जाते.

इंदूरहून रात्री 9 ला निघालेली पुण्या-मुंबईची गाडी मानपूर आणि बिजासनचे घाट मध्यरात्रीच्या आसपास उतरते. घाटात वळणे आणि ब्रेक-गिअरच्या धावपळीत चालक जागा राहतो. पुढे शिरपूर ते धुळे रस्ता सपाट, आणि घड्याळात 2 वाजत आलेले. 2 ते 5 ही शरीराची सर्वांत जड वेळ. या वेळी डोळे उघडे असूनही मेंदू तीन-चार सेकंद झोपतो. ताशी 80 किमी वेगाने 4 सेकंदांत गाडी जवळजवळ 90 मीटर जाते. अशा अपघातात रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा सहसा नसतात. पंचनाम्यात ही नोंद हवीच. (एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीच्या खुणा तशाही पुसट उमटतात, तिथे नुसत्या खुणांवर विसंबू नये.)

सलग 17 तास जागा असलेला माणूस 100 मिलि रक्तात 50 मिग्रॅ अल्कोहोल असलेल्या माणसासारखा गाडी चालवतो. आपल्या कायद्याची मर्यादा 30 आहे. दारू यंत्रात सापडते. जागरण कुठल्याच यंत्रात सापडत नाही, म्हणून ते खपून जाते.

काच उघडणे, गाणी, तंबाखू, तोंडावर पाणी या उपायांनी पाच-दहा मिनिटे निघतात. उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा. ढाब्यावर किंवा पंपावर गाडी आत घ्यावी, रस्त्याच्या कडेला नव्हे. आधी कॉफी प्यावी आणि लगेच 15-20 मिनिटे झोपावे, कारण कॉफीचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास जातो. झोप तासभर झाली तर उठल्यावर अंग जड असते, लगेच स्टिअरिंग धरू नये. सर्दीची क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन असलेली गोळी घेऊन गाडीवर बसूच नये. आणि या डुलकीने दोनेक तास निघतात, रात्र निघत नाही. रात्रीसाठी दुसरा चालकच लागतो, तोही झोप झालेला. बसच्या डिक्कीत सामानाशेजारी धक्के खात पडलेल्या माणसाची झोप होत नाही.

चालक निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. सारख्या जांभया, गाडी लेन सोडणे, मागचे दोन-तीन किलोमीटर न आठवणे, या खुणा त्याला कळतात. तरी तो चालवत राहिला आणि अपघातात कोणी दगावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली 5 वर्षांपर्यंतची शिक्षा त्याच्या वाट्याला येते. मालकाच्या वाट्याला बहुधा नुकसानभरपाईचा दावा येतो, आणि ती रक्कम विमा कंपनी भरते. मग दुसऱ्या चालकाचा पगार वाचवणे त्याला परवडतेच.

मोटार वाहन कायद्याचे कलम 91 चालकांच्या कामाच्या तासांविषयीच आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास, लांबच्या मार्गावर फार तर 10, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा घातली होती. मालाच्या बाबतीत कागदपत्रांचीही घाई नसते. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारे जीएसटीचे ऑनलाइन कागदपत्र, दर 200 किमीला 1 दिवस देते, म्हणजे इंदूर-मुंबईच्या सुमारे 590 किमीला 3 दिवस. घाई व्यापाऱ्याची आणि भाडे ठरवणाऱ्याची असते.

पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. फास्टॅगवर प्रत्येक टोलची वेळ असते, बसच्या ट्रॅकिंग यंत्रात थांबे असतात. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांना 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल नुकसानभरपाई ठरवणाऱ्या दावा प्राधिकरणाला द्यायचा असतो, आणि मालकाने भरायचा नमुनाही त्यात असतो. या अहवालाला अपघाताआधीच्या 72 तासांच्या टोल व ट्रॅकिंगच्या नोंदी जोडणे सक्तीचे करावे. कामाचे तास ओलांडलेले दिसले तर गाडी पाठवणाऱ्याचे नाव त्याच गुन्ह्यात घ्यावे.

प्रवाशांनीही तिकीट काढताना दोन गोष्टी विचाराव्यात: दुसरा चालक आहे का, आणि तो कुठे झोपतो.

— वाहतूक व्यवसायातील काही वाचक, इंदूर