त्या २१ पीसच्या सेटचे पैसे भरू नको बे

सुभाष नगर, नागपूर
शनिवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला फोटो पाहिला. स्टीलच्या भांड्यांचा सेट, २१ पीस, वर काचेची झाकणं, आणि खाली तुझा मेसेज, "घेऊन टाकू काय?" अबे थांब. दोन शब्दात नको म्हणून टाकलं असतं, पण मग तू काहून विचारलं असतं आणि मी अंगठे दुखेपर्यंत टाईप करत बसलो असतो, त्यापेक्षा म्हटलं एकदाचं पत्रच लिहू, तसंही बायको पोरीला घेऊन माहेरी गोंदियाला गेली आहे आणि मी एकटाच कूलरसमोर बसून राहिलो आहे.

पहिले ते २१ मोजून पाहा. झाकणं वेगळी मोजली असतील, चमचे-सराटे मोजले असतील, त्या इटुकल्या वाट्या पण मोजल्या असतील. खरी चुलीवर चढणारी भांडी किती, चार? पाच? तू एकटा माणूस, सकाळी पोहे, संध्याकाळी वरण-भात-भाजी, रविवारी मूड आला तं तर्री. तुला कढई लागते, एक गंज लागतो (आता पुण्यात पातेलं म्हणत असशील, म्हण), एक कुकर तुझ्याजवळ आहेच. बाकी सगळं ओट्याखाली जाऊन बसतं आणि दिवाळीच्या साफसफाईला बाहेर निघतं.

असाच सेट आम्ही लग्नानंतर एका प्रदर्शनातून घेतला होता. चमक अशी की भांग पाडून घ्यावा. पहिल्याच आठवड्यात दूध तापवायला ठेवलं आणि तळाला गोल डाग, बर्नरच्या आकाराचा, शिक्का मारल्यासारखा. बायको म्हणे तुमचं लक्ष नव्हतं. नव्हतंच म्हणा, पण दोष एकट्या माझा नव्हता. स्टील उष्णता पसरवण्यात भल्लं ढ आहे, ॲल्युमिनिअम त्याच्या १२ ते १५ पट बरं आणि तांबं तं २५ पट. म्हणजे पातळ स्टीलच्या भांड्यात जिथे जाळ लागते तेवढीच जागा तापते, बाजूची थंडच, मग पोहे मधात करपतात आणि कडेला पांढरेच राहतात. म्हणून चांगल्या भांड्यात स्टीलच्या दोन पत्र्यांच्या मधात ॲल्युमिनिअम दाबलेलं असते, त्याला ट्रायप्लाय म्हणतात, आतला पत्रा अन्नासाठी, मधला उष्णता पसरवायला, आणि बाहेरचा चुंबकाला चिकटणारा, म्हणजे इंडक्शनवर चालावं. काही भांड्यात हे सँडविच फक्त बुडाला असते. ते पण वाईट नाही, वरण-कढी पातळ असते, ती आपली आपण फिरत राहते, तिला बुड जाड असलं की पुरे. पण कढई घेशील तं पूर्ण ट्रायप्लायच घे, कारण कढईत आपण भिंतीवर पण भाजी परततो.

दुकानदार पत्र्याच्या जाडीचा गेज सांगेल. त्यात एक गंमत आहे, गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षाही जरासा कमी, १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. मला वाटायचं २२ म्हणजे भारी. त्या प्रदर्शनवाल्यानं पण तसंच सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती.

आता इतवारी बाजाराची गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात मेट्रोच्या ॲक्वा लाईननं चितार ओळीला उतरलो, खिशात फ्रिजवरचं चुंबक, ते पोरीचं संत्र्याचं असते ना तेच. कुठेतरी ऐकलं होतं की चुंबक चिकटलं तं स्टील नकली, नाही चिकटलं तं असली. दुकानात गेलो आणि एकेका भांड्याला लावून पाहून राहिलो. गल्ल्यावरचे काका चष्म्यावरून पाहत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, खेळून झालं असेल तं मी काही सांगू काय?" मग त्यांनी दोन वाट्या समोर ठेवल्या, दिसायला जुळ्या बहिणी. दोघींनाही चुंबक चिकटेना. म्हणाले एक ३०४ ग्रेडच्या स्टीलची आहे, एक २०२ ची. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल, तेच ते १८/८. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवतात, आणि चुंबक दोघींनाही ओळखत नाही. वरून गोंधळ असा की ३०४ चा पत्रा दाबून ओढून भांडं केलं की वळणावर थोडं थोडं चुंबक पकडते, म्हणजे माझ्या परीक्षेत असली भांडं नापास आणि २०२ वालं पास. आणि जे खरंच घट्ट चिकटते ते ४३०, त्यात निकेल नसतेच, ते झाकणाला, डब्याला, कढईच्या बाहेरच्या अंगाला चालते. तं चुंबकानं एवढंच कळते की भांडं इंडक्शनवर चालेल की नाही. मी ते संत्रं गपचूप खिशात टाकलं.

मग ओळखायचं कसं म्हटलं, तं त्यांनी भांडं पालथं केलं. बुडावर ग्रेड कोरलेला पाहा, आयएसआयचा शिक्का पाहा आणि पक्क्या बिलावर ३०४ लिहून माग, लिहून द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून उठ. स्टीलच्या भांड्यांसाठी मानक आहे, आयएस १४७५६, आणि २०२४ मध्ये सरकारनं ते सक्तीचं करायचा आदेश पण काढला. २०२ म्हणजे विष नाही बरं, ताट-वाट्या-पेल्याला आरामात चालते, पण मीठ-चिंच-आंबट रोज उकळणाऱ्या भांड्याला ३०४ च घे.

आणि जे ऐकून मी तिथे स्टुलावरच बसलो ते पुढे आहे. ते म्हणाले, ४० वर्षं दुकान करून राहिलो, लोक परत घेऊन येतात ती भांडी बुडातून फाटलेली नसतात, सांध्यातून गेलेली असतात. कान निघाला, दांडा हलला, जाळी सुटली. तुम्ही लोक चमक पाहता, सांधा कोणीच पाहत नाही.

हे ऐकलं आणि मला आमची यंदाची कुरडईची सकाळ आठवली. पहिले एका वर्षी तू पण होता बे, महालच्या वाड्यात गच्चीवर, आपण दहावीत असू, कावळे हाकलायची ड्युटी होती आपल्याकडे आणि आपणच अर्धा चीक खाऊन टाकला होता. तर आईनं यंदा परत कुरडया घातल्या, गुडघे दुखतात तरी ऐकत नाही. गहू तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, मिक्सरमधून काढले, आणि गाळायचं काम माझ्याकडे आलं. मी आपला ऐटीत, नवी घेतलेली बारीक जाळीची मोठी गाळणी काढली आणि तो वाटलेला गहू त्यात ओतून हातानं दाबायला लागलो. दोन मिनिटं झाली असतील, कडेकडून जाळी सर्रकन सुटली आणि कोंड्यासकट सगळं खालच्या गंजात. आई काहीच बोलली नाही, नुसती आत गेली आणि तिची जुनी भोकाची चाळण घेऊन आली. पत्र्याला भोकं पाडलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी असेल. पहिले त्या चाळणीतून जाडा कोंडा काढला, मग बारीक जाळीतून, तेही न दाबता, फक्त हलवत, आणि शेवटी पंच्यातून. एका झटक्यात बारीक जाळीवर धाड घालायची नसते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बरं, माझी फजिती तिथेच संपली नाही. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून टाकलं, खाली घट्ट चीक, तो शिजवायला मी त्या प्रदर्शनवाल्या सेटमधलाच मोठा गंज घेतला. जेवढा चीक तेवढं पाणी, उकळी आली, मीठ-हिंग टाकलं, चीक ओतला आणि हाटायला लागलो. चीक म्हणजे तुला माहीत आहे, खळ. पातळ बुडाला असा धरला की लाकडी चमचा उभा राहिला. मी जोर लावला, दुसऱ्या हातानं कान पकडला होता, तो कान कटकन हातात. स्पॉट वेल्ड होतं ना, दोन टिकल्यांवर टिकलेला कान तो. नशीब गंज ओट्यावर होता. आई तेव्हा बोलली मात्र, ते इथे लिहीत नाही.

तं आता भांडं हातात घेतलं की मी पहिले कान पाहतो. रिव्हेटवाला कान घे, जाड खिळे आरपार गेलेले, दोन-तीन असले पाहिजे. आतल्या बाजूनं त्या खिळ्यांच्या डोक्याभोवती मसाला अडकतो हे खरं, जुना दात घासायचा ब्रश ठेवायचा त्याला. वेल्डवाला घ्यायचाच असेल तं वेल्ड सलग पाहिजे, नुसत्या टिकल्या नको. काळ्या बेकेलाईटच्या दांड्याचा स्क्रू सहा महिन्यात ढिला होतेच, आणि पोकळ दांड्यात धुतलेलं पाणी शिरून बसते, मग भाजी करताना ते टपकन तेलात पडते आणि आपण नाचतो.

गाळणीचं पण तसंच. तिची कड बोटानं चाचपून पाहा, जाळी नुसती पट्टीत दुमडून दाबली आहे की चारही बाजूनं घट्ट बसली आहे. अंगठ्यानं मधात दाब, झोका आला तं ठेव परत. पट्टीत फट असली की तिथे चहापत्ती अडकते, ओल राहते, आणि गंज तिथूनच सुरू होते. (हा भांड्याचा गंज नाही बे, लोखंडाचा.) स्टीलवर क्रोमिअमचा एक अदृश्य पापुद्रा असतो, खरचटला तरी हवेतल्या ऑक्सिजननं परत धरते, तेच त्याचं स्टेनलेसपण. पण फटीत खारट पाणी अडकून बसलं की तिथे हवा पोचत नाही, पापुद्रा परत धरत नाही, आणि तुझी ३०४ ची गाळणी सुद्धा कडेला तपकिरी होते. म्हणून चहा झाला की लगेच उलटी आपटून धू, सिंकमध्ये भिजत टाकू नको, मला माहीत आहे तू टाकतो.

तुझ्यासाठी तीन गाळण्या पुरे. एक चहाची, दांड्याच्या समोर अडकवायला आकडा असलेली, म्हणजे गंजावर आपली आपण बसते. एक मोठी भोकाची चाळण बुडाला पाय असलेली, त्यात भाजी धुणं, भात वेळणं, शेवया, तर्रीचे भिजवलेले चणे, सगळं होते, आणि तिला जाळी नाही म्हणून मरणच नाही. तिसरी बारीक जाळीची, तूप आणि ताकासाठी. आणि प्लास्टिकच्या कडेची घरात आणूच नको, मी लोणी कढवून गरम तूप तिच्यातून ओतलं होतं, कडेची जिलबी झाली. संत्र्याचा रस काढशील तं त्याच भोकाच्या चाळणीतून काढ, बारीक जाळीत गर बसतो, मग आपण चमच्यानं घोटतो, बिया फुटतात आणि रस कडू होते, मग म्हणतो संत्रं खराब होतं. पुरणयंत्राचं मी तुला सांगणार नाही, तू पुरण करणार नाही.

कढई घरी आणल्यावर पहिल्या दिवशी पोहे चिकटतील आणि तू मला शिव्या देशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. रिकामी कढई मध्यम आचेवर तापू दे, पाण्याचा थेंब टाक. चर्र करून उडून गेला तं अजून तापली नाही, मोत्यासारखा गरगर पळायला लागला की झाली. मग आच कमी करून तेल, मग मोहरी. तरी चिकटलंच तं घासत बसू नको, गरम पाणी ओतून जेवायला बस, तोवर सुटते. मीठ थंड पाण्यात टाकून ठेवू नको, बुडाशी बसून टोचल्यासारखे बारीक खड्डे पाडते, उकळी आल्यावर टाक. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे तुकडे भांड्यावर राहतात आणि तेच गंजतात, लोक म्हणतात स्टील गंजलं. आमच्याकडे बोरिंगच्या पाण्यानं पांढरे ठिपके येतात, कधी जास्त तापलं की निळं-जांभळं इंद्रधनुष्य येते, दोन्हीला लिंबू किंवा व्हिनेगर, पाच मिनिटांचं काम.

लोखंडी कढई फेकू नको पण. झुणक्याला तीच. फक्त अंबाडीची भाजी तिच्यात करशील तं काळी ठिक्कर होईल, आंबट सगळं स्टीलमध्ये. आणि तुझ्या आजीचा तो भंडाऱ्याचा पितळी गंज माळ्यावर असेल तं खाली काढ, मी इथे कल्हईवाला शोधून ठेवला आहे, आजकाल सापडत नाही ते लोक.

मी त्या दिवशी एक ट्रायप्लाय कढई आणि एक जाड बुडाचा पाच लिटरचा गंज घेतला, बिलावर ३०४ लिहून घेतलं, काकांनी हसत लिहून दिलं. भोकाची चाळण मात्र घेतली नाही, आईची आहे ना. तुझ्यासाठी सांगून ठेवू काय? तू पुढच्या महिन्यात लग्नाला येणारच आहे, जाताना रेल्वेत नेशील. नाव टाकून हवं असेल तं कळव, काकांकडे मशीन आहे, तुझं नाव टाकू की तुझ्या होणाऱ्या बायकोचं तेही कळव.

कुरडया डब्यात भरून ठेवल्या आहेत, जळका वास येते थोडा. तळून पाहिल्या, चालतात. आईनं अर्धा डबा तुझ्या नावानं वेगळा काढला आहे, ती म्हणे त्यानं कावळे हाकलले होते.

तुझाच,
सुभाष नगरवाला