मुक्तास, लंकेला निघण्यापूर्वी

सातारा,
दि. २ ऑगस्ट

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर जे झाले त्यानंतर तू फोन केला नाहीस आणि मीही केला नाही. फोन मी आपटला नव्हता, तो ठेवला गेला, एवढे नोंदवून ठेवतो. तुझी आई म्हणाली, तुम्हाला बोलता येत नाही तर लिहा, तुमची खात्यातली टिपणे तरी शांत डोक्याने लिहिलेली असत. म्हणून हे पत्र. समुद्राविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, अशी तिची अट आहे आणि ती मी मान्य केली आहे.

तू पाठवलेला सोळा दिवसांचा कार्यक्रम मी दादाकडून छापून घेतला आणि नकाशावर पेन्सिलीने मार्ग आखला. कोलंबो, अनुराधपूर, सिगिरिया, पोलोन्नरुवा, कँडी, एल्ला आणि शेवटचे चार दिवस अरुगम बे. पहिल्या बारा दिवसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खरे सांगायचे तर मला तुझा हेवा वाटतो. आपल्या राज्याच्या जेमतेम एक पंचमांश आकाराच्या त्या बेटावर जुन्या राजांनी बांधलेले हजारो तलाव आहेत आणि त्यांतले कितीतरी आजही भाताला पाणी देत आहेत. छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाने हे सगळे पुस्तकात वाचावे आणि मुलीने जाऊन पाहावे, यात तक्रार करण्यासारखे काही नाही, पण लिहून टाकले.

तुला तिथे देवळे आणि स्तूप दाखवणारे पुष्कळ भेटतील, बांध दाखवणारा कोणी भेटणार नाही, म्हणून सांगतो. तलावात पाणी जितके उंच, तितका तळाच्या मोरीवर दाब अधिक, आणि तो दाब नीट मोडला नाही तर पाणी मोरीच्या कडेने माती पोखरत जाऊन अख्खा बांध फोडते. त्या लोकांनी यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उपाय शोधला. बांधाच्या पोटात त्यांनी चौकोनी दगडी विहीर बांधली, तलावाचे पाणी आधी तिच्यात घेतले, तिथे त्याचा जोर उतरवला आणि मग ते मोजून कालव्यात सोडले. तिला बिसोकोटुवा म्हणतात, म्हणजे राणीचा कोट. आम्ही धरणाच्या विमोचकाला, म्हणजे पाणी सोडायच्या बांधकामाला, इतके देखणे नाव कधी दिले नाही. एखाद्या जुन्या बांधावर असे बांधकाम दिसले तर त्याची लांबी, रुंदी आणि दगडांचे माप माझ्यासाठी घे. माझा टेप तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आहे. तो काढू नकोस.

अनुराधपूरला जाताना जया गंगा हा कालवा ओलांडशील. कलावेव तलावापासून अनुराधपूरच्या तिसावेव तलावापर्यंत तो ८७ किलोमीटर जातो आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला अवघा १० सेंटिमीटर आहे. कण्हेर धरणाच्या वसाहतीत असताना तू माझ्याबरोबर जीपमधून यायचीस आणि स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरून उभी राहायचीस. उन्हात तुझे नाक सोलून निघायचे, पण स्टाफ कधी तिरका होत नसे. डम्पी लेव्हलमधून, म्हणजे जमिनीची उंची मोजायच्या दुर्बिणीतून, पाहताना तू मला उलटी दिसायचीस, डोके खाली आणि पाय वर, आणि तरीही हसत असायचीस. दहा सेंटिमीटरचा उतार राखायला काय लागते, हे तुझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीपेक्षा तुला अधिक कळते. याचा मला अभिमान आहे, तो मी बहुधा कधी बोलून दाखवला नाही.

कलावेव बांधला धातुसेन राजाने, पाचव्या शतकात. त्याचा मुलगा काश्यप याने राज्य बळकावले आणि बापाला विचारले, तुझा खजिना कुठे आहे? तेव्हा म्हातारा त्याला याच तलावावर घेऊन गेला, ओंजळभर पाणी उचलले आणि म्हणाला, माझे सगळे धन हे एवढेच. मुलाने त्याला भिंतीत चिणून मारले, अशी कथा आहे. पुढे भाऊ सूड घ्यायला येईल या धास्तीने काश्यपाने सिगिरियाच्या सुमारे १८० मीटर उंच खडकावर महाल बांधला आणि ४७७ ते ४९५ अशी अठरा वर्षे तिथून राज्य केले. लोक तिथे भिंतीवरच्या अप्सरा आणि सिंहाचे पंजे पाहायला जातात. तूही पाहा, पण जमले तर आधी कलावेवच्या बांधावर जाऊन ये. सिगिरियाच्या कड्याला गांधीलमाशांची पोळी असतात, त्यामुळे वर चढताना आरडाओरडा करू नये. मुलांना बापाचा राग येणे ही जुनी गोष्ट आहे, हे मी थट्टेने लिहितो आहे, टोमणा म्हणून नव्हे.

पोलोन्नरुवात गल विहाराच्या मूर्ती आहेत, एकाच कातळात कोरलेल्या. निजलेला बुद्ध सुमारे १४ मीटर लांब आहे आणि त्याच्या डोक्याखालच्या उशीला डोक्याच्या भाराने खळगा पडलेला दाखवला आहे, तो नीट पाहा. तिथल्या पराक्रमबाहूने, म्हणजे ११५३ ते ११८६ या काळातल्या राजाने, पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्राला मिळता कामा नये, असे ठरवले होते. त्याच्या तलावाचे नाव पराक्रम समुद्र. हा समुद्र मला चालेल. आईने दिलेली अट मी मोडलेली नाही, ते तलावाचे नाव आहे.

जवळच मिन्नेरिया. तो तलाव बांधणाऱ्या महासेन राजाला तिथले लोक देव मानून पुजतात. आमच्या खात्यातल्या कोणाला देव केल्याचे ऐकिवात नाही, उलटच ऐकले आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तलावाचे पाणी उतरते, उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते आणि ते खायला दोनदोनशे-तीनतीनशे हत्ती एकत्र येतात. अलीकडे वरच्या मोरगहकंद धरणाचे पाणी कोरड्या दिवसांतही तलावात येऊ लागल्याने गवताची जागा बुडते आणि हत्ती कमी दिसतात, तेव्हा कमी दिसले तर हिरमुसू नकोस. त्यांतल्या फार थोड्या नरांनाच सुळे असतात. त्या भागात रात्री रिक्षाने फिरू नये, हत्ती रस्त्यावर येतात. हत्तीचे मला भय वाटत नाही असे नाही, पण हत्ती समोर दिसतो, त्याच्या येण्याला आवाज असतो, आणि माणसाला मागे फिरायला वेळ मिळतो.

आता अट मोडतो.

दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर या दिवसांत मोसमी वारे असतात आणि पूर्वेकडे कोरडे हवामान, त्यामुळे तू निवडलेली बाजू बरोबर आहे, हे मला मान्य आहे. तू सर्फिंगच्या, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याच्या, शिकवणीचे पैसे भरले आहेत आणि नवशिक्यांना बेबी पॉइंटवर शिकवतात, तेही तू सांगितलेस. नाव ऐकून तुझ्या आईला धीर आला, मला आला नाही. लाटा किनाऱ्याकडे जे पाणी आणून टाकतात त्याला परत जावेच लागते आणि ते सगळीकडून सारखे जात नाही. वाळूच्या दांड्यात जिथे खिंड असते तिथून ते एकवटून वेगाने बाहेर पडते. गंमत अशी की तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते आणि अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. ती ओढ माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झुंजताना दमल्यामुळे. तिच्याशी झुंजायचे नाही. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहायचे, ओढ संपली की मग वळायचे, आणि तेवढे बळ नसेल तर नुसते तरंगत राहून हात वर करायचा. सकाळी शिकवणाऱ्याला विचारायचे की आज ओढ कुठे आहे. एकटीने, संध्याकाळी, गुरू नसताना उतरायचे नाही. शेजारच्या खाजणांत मगरी आहेत, तिकडे पाय धुवायलाही जायचे नाही.

हे वाचून तू पत्र मिटणार, हे मला दिसते आहे. मी पुन्हा भाषण दिले. क्षमा कर.

अप्पा माझ्यापेक्षा फार चांगला पोहत असे. दिवेआगरला त्या दिवशी मी त्याच्या चपला आणि घड्याळ सांभाळत वाळूवर बसलो होतो आणि तो हात हलवत होता म्हणून मीही हात हलवला. वर जे समांतर पोहण्याचे लिहिले, ते मी नंतर शिकलो. याहून अधिक मी तुला कधी सांगितले नाही आणि आताही सांगत नाही. आत्या राखीपौर्णिमेला अजून दोन राख्या आणते, ते तू पाहतेसच.

म्हणूनच तुला पोहायला मी शिकवले नाही, ते मामांनी शिकवले. पाठीला डबा बांधून त्यांनी तुला विहिरीत सोडले तेव्हा कमरेच्या दोराचे टोक माझ्या हातात होते. आठव्या दिवशी डबा काढला. तू विहिरीचे दोन फेरे मारलेस आणि मग खालून ओरडलीस, “बाबा, दोर सोडा, मला वळता येत नाही.” मामा हसत होते. मी दोर सैल केला, सोडला नाही. तू मात्र त्याच दोरासकट तिसरा फेरा पुरा केलास. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीच्या बातम्या लागल्या, लंकेतल्या पेरलिय गावाजवळ लाटेने आख्खी आगगाडी उलथवली आणि हजाराहून अधिक माणसे गेली, तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी टीव्ही बंद केला होता. तू विचारलेस, गाडीत तर सगळे कोरडे असतात ना? तुला आठवत नसेल.

अनुराधपूरला जय श्री महाबोधी आहे. अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन ताम्रलिप्तीहून जहाजाने निघाली आणि लंकेत आली. त्या फांदीचे हे झाड, माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या झाडांत सर्वांत जुने मानतात. महावंस या लंकेच्या जुन्या इतिहासग्रंथात लिहिले आहे की जहाज सुटण्यापूर्वी अशोक गळ्याइतक्या पाण्यात उतरला आणि मग तीरावर हात जोडून, जहाजाकडे पाहत रडत उभा राहिला. ग्रंथकार म्हणतो, तो वृक्षाच्या वियोगाने रडला. मला हे पटत नाही. जहाजात मुलगीही होती आणि ती परत येणार नव्हती. भिक्षूंनी लिहिलेला इतिहास आहे, त्यांना झाड अधिक महत्त्वाचे वाटले असेल. तिथे पांढरे कपडे घालून जा, खांदे आणि गुडघे झाकलेले असू देत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नकोस, तिकडे तो अपमान समजतात.

पौर्णिमेला तू कँडीत असशील. आपल्याकडे त्या दिवशी कोळी समुद्राला नारळ वाहतील, तिकडे दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या, मंदिराच्या मिरवणुका संपतील आणि महावेली नदीच्या पात्रात तलवारीने पाणी कापण्याचा विधी होईल. पाणी कापतात म्हणजे नेमके काय करतात, ते मला सांग. एल्लाच्या गाडीत दाराला लोंबकळून फोटो काढू नकोस. तुझ्या आईला नारिंगी शहाळ्याचा, म्हणजे थंबिलीचा, फोटो हवा आहे.

अरुगम बेपासून दक्षिणेला कुमणचे अभयारण्य आहे. तिथल्या खारफुटीच्या दलदलीत चित्रबलाक, चमचे आणि पाणकावळ्यांच्या वसाहती असतात. चारांपैकी दोन दिवस तिकडे घालवलेस तर दुर्बिणीचे सार्थक होईल, असे मी सुचवणार होतो. पण यामागचा माझा डाव तू ओळखशील, म्हणून सुचवत नाही. एक दिवस गेलीस तरी पुरे.

फोन रोज करायची गरज नाही. तिकडच्या त्या चार दिवसांत मात्र पाण्यातून बाहेर आल्यावर एक ओळ पाठवत जा. “कोरडी आहे” एवढे लिहिले तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. : पाकीट चिकटवले होते, पुन्हा उघडले. दादा सांगत होता की लाटेवरच्या फळीला एक दोरी असते आणि तिचे दुसरे टोक आपल्या घोट्याला बांधतात. ती दोरी रोज पाण्यात उतरण्यापूर्वी दोन्ही टोकांना ओढून पाहा. चिरलेली किंवा जुनी असेल तर दुसरी मागून घे. पैसे जास्त पडले तरी चालतील.