फादर हेरास आणि तू

चि. मुग्धा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, वर्गात सगळ्यांचं आधीपासून पुरातत्त्व आहे, मी एकटीच कॉमर्सची. मला यातलं काहीच येत नाही." फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास हे जेझुइट पाद्री १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले, तेव्हा चौतीस वर्षांचे होते. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? म्हणाले, भारताचा. त्यातलं काय येतं तुम्हाला? काही नाही. मग शिकवणार कसं? अभ्यास करीन! आणि खरंच केला गं. १९२६ मध्ये त्यांनी संशोधन संस्था काढली, पुढच्याच वर्षी विजयनगरच्या अरविडू घराण्यावर ग्रंथ लिहिला.

मला मात्र त्यांचं गोव्यातलं काम सगळ्यात भावतं. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज आणि पुढे कदंब या राजघराण्यांची राजधानी. १९२९ मध्ये फादरनी तिथे खोदकाम केलं. शिवमंदिराचा विटांचा पाया लागला, शीर नसलेला दगडी नंदी मिळाला. राज्य पोर्तुगिजांचं, खोदणारा कॅथलिक पाद्री, आणि तो शोधत होता त्या भूमीचं पोर्तुगीजपूर्व रूप. केवढं मोठं मन लागत असेल त्याला!

सिंधू संस्कृतीच्या लिपीचा तर त्यांनी ध्यासच घेतला. तिथल्या मुद्रांवरचा मासा बघितलास ना? तमिळमध्ये 'मीन' म्हणजे मासा आणि ताराही, तेव्हा या लिपीतली भाषा द्रविड कुळातली असावी, असं त्यांनी मांडलं. १९५३ च्या ग्रंथात शेकडो लेखांचं वाचनही दिलं. ते वाचन विद्वानांनी मान्य केलं नाही, लिपी आजही उलगडलेली नाही. पण माशाचा तो धागा आस्को पारपोलांसारख्या अभ्यासकांनी पुढे नेला. १९५५ मध्ये फादर मुंबईतच वारले. संस्था अजून चालू आहे, त्यांच्याच नावाने.

तू तर आत्ता बावीसची, तुझ्या हाती त्यांच्यापेक्षा बारा वर्षं जास्त आहेत. खापरं धुवायचं, त्यांवर नंबर घालायचं काम आलं तर पुढे हो, आणि अडलं की सीनियर मुलांना बिनधास्त विचार. दिवाळीच्या सुट्टीत मडगावचं तिकीट काढतो, आपण दोघं चांदरला जाऊन येऊ. तारखा कळव, आरक्षण लवकर भरतं.

तुझा,
बाबा