रेडिएशनचा आकडा छापताना युनिट पण छापा

संपादकसाहेब, नमस्कार.

कॅन्सरच्या ट्रीटमेंटवर तुम्ही पुरवणी काढली ते फार चांगलं काम केलं, पण त्यात रेडिएशनचे आकडे कुठे ग्रेमध्ये, कुठे रॅडमध्ये तर कुठे नुसतेच छापलेत. मी चोपड्याला ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट काही कमी नाहीत आणि मुंबई-नाशिकहून ट्रीटमेंट घेऊन आले की गल्लीतले लोक फाईल समजून घ्यायला माझ्याकडे येतात, म्हणून हे लिहितोय.

शेजारच्या आप्पांना जबड्याला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला, फाईलवर ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, म्हणजे तीस वेळा विभागून. त्यांच्या मोठ्या बहिणीला बऱ्याच वर्षांपूर्वी कोबाल्टच्या मशीनवर शेक दिला होता, त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर ६००० रॅड. घरच्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि रडारड सुरू, आक्काला सहा हजार दिले आन् यांना साठच, मग आजार मुळापासून जाईल कसा, डॉक्टरांनी हात आखडता घेतला का. अहो, दोन्ही डोस एकच आहेत! १ ग्रे म्हणजे १०० रॅड, ६० ला १०० ने गुणा, झाले ६०००.

शरीराच्या एक किलो भागात एक जूल एनर्जी मुरली की तो एक ग्रे. रॅड हे १९५३ पासूनचं जुनं युनिट, ग्रे १९७५ साली ठरलं, लुईस हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. पण डॉक्टर लोकांना जुन्या आकड्यांची सवय, म्हणून मग सेंटीग्रे वापरायला लागले, कारण १ सेंटीग्रे म्हणजे बरोब्बर १ रॅड. त्यामुळे आज पण काही फाईलींवर ६००० सीजीवाय (cGy, म्हणजे सेंटीग्रे) असं लिहिलेलं असतं, ते पण तेच साठ ग्रे.

आता भीतीचा भाग. तुमच्याच लेखात आहे की अख्ख्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मे लोक दगावू शकतात. हे वाचल्यावर ६० ग्रेवाल्या पेशंटने काय समजायचं? त्याचे साठ फक्त जबड्याच्या तेवढ्या भागाला, रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे दिलेले असतात, मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. हे वाक्य लेखात यायलाच पाहिजे होतं.

एक्स-रे, सीटी स्कॅनचं सीव्हर्टमध्ये सांगतात, जुनं युनिट रेम, १ सीव्हर्ट म्हणजे १०० रेम. छातीचा एक्स-रे साधारण ०.१ मिलीसीव्हर्ट, म्हणजे १० मिलीरेम. ग्रे सांगतो एनर्जी किती मुरली, सीव्हर्ट सांगतो त्यातून धोका किती. एक्स-रे आणि गॅमाला गुणक १ आहे म्हणून आकडा सारखाच वाटतो, पण अल्फा किरणांना २० ने गुणावं लागतं, म्हणून रॅडचं डायरेक्ट सीव्हर्ट करू नका. आणि जुन्या कागदावर राँटजेन असेल तर ते हवेतलं माप आहे, त्याचा शरीरातला डोस जवळपास तेवढ्याच रॅडचा येतो पण बरोब्बर तेवढा नाही.

सगळ्यात जास्त काळजी 'मिली'ची घ्या. छातीचं सीटी साधारण ७ मिलीसीव्हर्टचं असतं, छापताना मिली गळलं तर तो जीवघेणा डोस होतो आणि ज्याला खरंच सीटीची गरज आहे तो माणूस घरी बसून राहतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझी हात जोडून विनंती, पुढच्या रविवारी एक छोटी चौकट छापा: १ ग्रे = १०० रॅड, १ सेंटीग्रे = १ रॅड, १ सीव्हर्ट = १०० रेम. आणि त्याच चौकटीत सांगा की शेक घेतलेल्या माणसाने डिस्चार्जचा कागद कितीही जुना झाला तरी फेकू नये, त्याची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण आजार त्याच जागी परत आला तर पुन्हा शेक देता येईल का आणि किती, हे डॉक्टर आधीचा डोस बघूनच ठरवतात.

आपला,
एक फिजिक्सचा शिक्षक
चोपडा, जि. जळगाव