मागच्या भिंतीबद्दल, आई-बाबांना

सी.बी.डी. बेलापूर
१८ मार्च

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर भिंतीचा विषय काढला की बाबा "बघू, दिवाळीनंतर" म्हणतात आणि फोन दादाच्या हातात देतात. म्हणून हे लिहूनच काढते आहे. दादाला सांगून ठेवलंय, सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. आई, गुडघा आता बराच वाकतो असं वहिनी म्हणाली. व्यायाम चुकवू नकोस. नाशिकची हवा मानवते आहे म्हणून निवांत राहा, इकडची घाई नाही. घाई फक्त भिंतीची आहे.

बाबा, भिंतीला पोट आलंय हे तुम्हालाही ठाऊक आहे. मिस्त्रींनी वरून ओळंबा सोडून दाखवला, मधल्या भागात भिंत चांगली चार बोटं पुढे सरकली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जी तिरकी चीर होती ती आता वरपर्यंत गेली आहे आणि तिच्यात उंबर रुजलाय. तुम्ही म्हणता, "२६ जुलैला टिकली ती आता काय पडते!" टिकली हे खरंच. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि आपल्या मागच्या डोंगरावरूनही लोंढे येत होते. पण त्या रात्री भिंतीच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या धारा अंगणात पडत होत्या, आठवतं? नंतर त्या भोकांतून घुशी यायला लागल्या, एकदा धामण निघाली, आईने घर डोक्यावर घेतलं आणि तुम्ही भोकं सिमेंटने बुजवून वर गिलावा करून घेतलात. तेव्हापासून पाणी येतं तेवढंच, फक्त बाहेर पडत नाही.

इंजिनिअर बाई आल्या होत्या. (हो, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर, कोणाच्या ओळखीतला "बघून देणारा" नव्हे.) त्यांनी कागदावर हिशेब मांडला तो तुम्हाला आवडेल. सहा फूट भिंतीमागे पाणी काठोकाठ साचलं, तर दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचा रेटा दीड टनाच्या वर जातो. मातीचा रेटा शिवाय. कोरडा मुरूम त्यामानाने गरीब असतो, बराचसा स्वतःच्या अंगावर उभा राहतो. म्हणजे भिंतीची लढाई डोंगराशी कमी आणि पाण्याशी जास्त आहे. पाणी निघून गेलं तर निम्म्याहून जास्त ओझं आपोआप उतरतं.

दुसरी गोष्ट जाडीची. निव्वळ वजनावर उभ्या राहणाऱ्या दगडी भिंतीला पायाशी उंचीच्या जवळजवळ निम्मी रुंदी लागते. सहा फुटांना तीन फूट. आपली दीड फूट आहे, कारण ती मुळात कंपाउंडची भिंत म्हणून बांधली होती. मागे मुरूम भरून वरचा टप्पा केला, आईची बाग झाली, आणि कंपाउंडच्या भिंतीला न सांगताच संरक्षक भिंतीचं काम लागलं. यात तुमचा दोष काढत नाही. त्या काळात या बाजूला सगळ्यांनी असंच केलं, शेजारच्या काकांची भिंतही त्याच जातीची आहे.

मिस्त्रींनी हातोडीने एकेक दगड वाजवला. बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज येतो. दोन्ही बाजूंना चांगले दगड आणि मध्ये कपच्यांची भर, भिंतीच्या आरपार जाणारा दगड जवळपास नाहीच. त्याला हे लोक हेडर म्हणतात. दर पाच-सहा चौरस फुटांत एक तरी हेडर हवा, नाहीतर भिंतीचे दोन पदर सुटे होतात आणि पुढचा पदर पोट काढतो. आपलं नेमकं तेच झालंय.

आधी एक कंत्राटदार बोलावला होता. त्याने दहा मिनिटांत सांगून टाकलं: चीर भरू, जाळी मारून पुन्हा गिलावा करू, वर दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स लावू. मोबाइलवर फोटोही दाखवले, छान होते. भिंतीमागे काय आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्याला चहा दिला आणि पाठवलं.

आता काय करायचं ठरतंय ते सांगते, कारण यात बाबांना पटण्यासारखं बरंच आहे. सहा फुटांच्या एका भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन, आणि मध्ये सहा फुटांची सपाट पट्टी. उंची निम्मी केली की रेटा निम्मा होत नाही, पाव होतो. आणि तीन फुटांच्या भिंतीला दीड फूट जाडी बरोबर पुरते. म्हणजे तुम्ही तेव्हा निवडून आणलेला काळा दगड जसाच्या तसा वापरता येतो. सहा फुटांची एक भिंत किंवा तीन फुटांच्या दोन, डबर तेवढाच लागतो. नव्या पायापुरता आणि हेडरपुरता थोडा आणावा लागेल. दोन भिंतींत अंतर मात्र खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी हवं, नाहीतर वरची खालचीच्या डोक्यावर बसते. आपल्याकडे वरच्या टप्प्यात जागा आहे म्हणून हे जमतंय, सगळ्यांकडे जमणार नाही.

खरा खर्च दिसणार नाही अशा ठिकाणी आहे, आणि बाबा, तिथे कृपा करून काटछाट सुचवू नका. प्रत्येक भिंतीमागे फूटभर जाडीची खडी तळापासून वरपर्यंत. खडी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी गळून येईल पण गाळ येऊन खडी चोंदणार नाही. (गोणपाट चालेल का, असं तुम्ही विचारणार. नाही, ते दोन-तीन पावसांत कुजतं.) तळाशी भोकांचा पाइप, बाजूच्या गटाराकडे उतार देऊन. शिवाय भिंतीत चार-चार फुटांवर तीन इंची पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते. घुशी आणि धामण यांच्यासाठी पाइपच्या तोंडाला जाळी लावतो, म्हणजे आईचीही तक्रार नको. पण ही भोकं पुन्हा बुजवायची नाहीत. पावसाळ्यात त्यातून पाणी आलं तर भिंत बिघडली असं समजायचं नाही, भर पावसात भोकं कोरडी राहिली तर मला फोन करायचा.

सगळ्यात वर, डोंगराकडून उतरणारं पाणी आपल्या टप्प्यावर येण्याआधीच अडवून बाजूच्या नाल्यात सोडणारा पक्का चर. काकांच्या आवारात पाणी जाणार नाही हे त्यांना उतार दाखवून समजावलं आहे, नाहीतर आयुष्यभराचं भांडण. पाण्याची वाट आधी आखून मग घरं बसवायची, हे इथे कोणाला नवं नाही. आपल्या शेजारचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ते आखताना मधून वाहणारा ओढा तसाच ठेवला, घरं त्याच्या दोन्ही अंगांना बसवली. आपण मागच्या अंगणात पाण्याला एवढीशी वाटही ठेवली नाही.

आई, आता तुझा विषय. तुझा अळू भर उन्हाळ्यातही हत्तीच्या कानाएवढा होतो याचं आपल्याला कौतुक होतं. कारण सापडलं. टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी वर्षानुवर्षं तिथेच मुरतंय, थेट भिंतीच्या पाठीत. तो पाइप आता गटाराला जोडून घेते. अळू कुंड्यांत हलवला आहे, मेला नाही, काळजी करू नकोस. पारिजातक वरच्या भिंतीच्याही मागे राहतो, त्याला कोणी हात लावणार नाही. मधल्या पट्टीवर वाळा लावायचं म्हणतेय. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात, माती धरून ठेवतात, आणि तुझ्या माठात टाकायला घरचा वाळा होईल. उंबर मात्र जाणार. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो, दगड उतरवतानाच मूळ काढावं लागेल. झाडांसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे द्यायचा अर्ज तयार केला आहे, १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

अंगणाचं बाबांनी सांगितलं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. तेवढं ऐकत नाहीये. आधीच कोब्यावर कोबा आणि त्यावर फरशी असे थर चढत चढत अंगण जोत्याच्या बरोबरीला आलंय, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते ती म्हणूनच. आतून कितीही वॉटरप्रूफिंग रंग लावा, फुगून पापुद्रे सुटणारच. वरचे थर उखडून अंगण जोत्याच्या सहा इंच तरी खाली नेऊ. जुनी शहाबादी साफ करून परत बसवायची, घरापासून लांब उतार देऊन, दहा फुटांना अडीच इंचाच्या आसपास. भिंतीच्या पायाशी दीड-दोन फुटांची नुसत्या खडीची पट्टी. तिथे सिमेंट नाही.

पुढच्या पायऱ्या मी न विचारताच धरल्या आहेत. आई परत येईल तेव्हा तिला त्याच चढायच्या आहेत. खालची पायरी आठ इंच, वरची पाच, मधल्या कशाही. उंच पायरी एकवेळ परवडते, कमी-जास्त पायऱ्यांवर पाय फसतो. सगळ्या सहा इंच उंच आणि बारा इंच रुंद करतो, दोन्ही बाजूंना धरायला दांडा. वर छिन्नीने टाकी मारून खरखरीत केलेला काळा दगड. पॉलिश केलेला कोटा दिसायला गुळगुळीत, पण आपल्याकडे जुलैत शेवाळ धरलं की त्यावर उभं राहणं मुश्कील.

दिवाळीनंतर का नाही, तर मॉन्सून मुंबईकडे साधारण ११ जूनला येतो. भिंत एकदम सगळी उतरवायची नाही, आठ-दहा फुटांचा तुकडा उतरवायचा, बांधायचा, मग एक सोडून पुढचा. प्रत्येक तुकड्याला निदान सात दिवस पाणी मारायला हवं. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हात घातला तर मेअखेर मोकळे होऊ. २०१९ च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून आणि २०२१ च्या जुलैत कळव्याच्या घोलाई नगरात दरड कोसळून काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं आहे. आपली भिंत त्यामानाने लहान आहे, पण पडली तर स्वयंपाकघरावर पडते.

खर्चाचा कागद सोबत जोडला आहे. निम्मा दादा, निम्मा मी, असं आमचं ठरलंय. बाबा, मुदत ठेव मोडायची भाषा करू नका.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. अर्जावर मालक म्हणून तुमची सही लागेल, कागद दादाला कुरिअर केलेत, लगेच करून परत पाठवायला सांगा. आणि सिडकोची मूळ फाईल, जिच्यात प्लॉटचा नकाशा आहे, ती लोखंडी कपाटात नाही. तुम्ही ती "सांभाळून" कुठे ठेवली आहे ते आठवून कळवा.

आई, धुण्याचा दगड आहे तिथेच ठेवू की मोरीच्या जवळ घेऊ? मिस्त्री म्हणतात, आत्ता सांगितलंत तर त्याचं पाणी गटाराला जोडून देतो, नंतर नाही जमणार.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, मिस्त्रींना तुमचा काटकोन बघायचा जुना गुण्या दिला होता. त्यांनी तो तपासला आणि म्हणाले, अजून अचूक आहे. काम संपलं की परत मागून घेईन.